धुराची किंमत : ‘बर्नआउट’चा इतिहास

१/
गाडी जागची हलत नाही, पण मागची चाके मात्र प्रचंड वेगाने फिरत असतात. टायर रस्त्यावर घासतो, किंचाळतो, तापतो आणि काही क्षणांत गाडी पांढऱ्या धुरात दिसेनाशी होते. या प्रकाराला जगभर ‘बर्नआउट’ म्हणतात. पाहणाऱ्याला तो निव्वळ उन्माद वाटतो. परंतु या धुरामागे महायुद्ध आहे, रबराचे रसायनशास्त्र आहे, घर्षणाच्या नियमांना बसलेला धक्का आहे आणि तरुणांच्या वेगाच्या ओढीचे करायचे काय, हा समाजापुढचा जुना प्रश्नही आहे. त्याचाच हा मागोवा.

२/
आरंभ रबरापासून करावा लागतो. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि हिवाळ्यात कडक होऊन तडके. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना असे आढळले की, गंधक मिसळून तापवले असता रबर टिकाऊ आणि लवचिक होते. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतात. या क्रियेला ‘व्हल्कनायझेशन’ म्हणतात. गुडइयर यांना १८४४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले, पण १८६० मध्ये ते कर्जबाजारी अवस्थेतच वारले. बर्नआउट समजून घेण्यासाठी हा गंधकाचा बंध लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण अतिरेकी उष्णतेने तोच पुन्हा तुटतो.

३/
१८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर व्यवहारात आणला. तशा टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतले होते, पण तेव्हा ते विस्मृतीत गेले. आरंभीचे टायर काळे नव्हते, फिकट रंगाचे होते. मिशेलिन कंपनीचा १८९८ मधील प्रसिद्ध टायर-मानव पांढरा आहे, तो त्यामुळेच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रबरात ‘कार्बन ब्लॅक’ म्हणजे अतिसूक्ष्म काजळी मिसळण्याची पद्धत रुजली आणि टायरची झीज कितीतरी कमी झाली. टायरचा काळा रंग हा असा झीज रोखण्याच्या प्रयत्नातून आलेला आहे. पुढे ज्या पिढीने हौसेने टायर झिजवले, तिला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

४/
रबराची खरी किंमत अमेरिकेला १९४२ मध्ये कळली. जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज जिंकल्यामुळे अमेरिकेला होणाऱ्या नैसर्गिक रबराच्या पुरवठ्याचा बहुतांश भाग तुटला. युद्धकाळात तेथे सर्वप्रथम रेशनिंग लागू झाले, ते अन्नधान्यावर नव्हे, तर टायरवर. ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा घालण्यात आली. देशभर पेट्रोलचे रेशनिंग झाले, त्यामागेही इंधनटंचाईपेक्षा टायर वाचवण्याचा हेतू प्रबळ होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आवाहनानंतर नागरिकांनी जुने रबर पौंडामागे एक सेंट या दराने पेट्रोल पंपांवर जमा केले. त्या काळात टायर विनाकारण घासणे म्हणजे देशद्रोहच ठरला असता.

५/
युद्धापूर्वीच दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांना एक मोकळे मैदान सापडले होते. म्युरॉक आणि एल मिराज ही तेथील कोरडी सरोवरे. मैलोन्‌मैल पसरलेल्या त्या टणक, सपाट तळांवर जुन्या फोर्ड गाड्या उघड्यावाघड्या करून पळवल्या जात. या मंडळींनी १९३७ मध्ये ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संघटना उभी केली. युद्ध संपले तेव्हा सैन्यातून परतलेल्या हजारो तरुणांच्या हाती यंत्रविद्या होती, थोडी शिल्लक होती आणि स्वस्त जुन्या गाड्या मुबलक होत्या. सरोवरे मात्र शहरापासून दूर होती. साहजिकच वेगाची स्पर्धा शहरातल्या रस्त्यांवर आली.

६/
सिग्नलवर दोन गाड्या शेजारी येऊन थांबायच्या, चालकांची नजरानजर व्हायची आणि दिवा हिरवा होताच दोन्ही सुसाट सुटायच्या. अपघात वाढले, वृत्तपत्रांतून टीका होऊ लागली. ‘हॉट रॉड’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. केवळ पोलिसी बडग्याने हे थांबणार नाही, हे काही जाणत्या मंडळींनी ओळखले. १९५० मध्ये सी. जे. ‘पॅपी’ हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांता अॅना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून नियमित शर्यती सुरू केल्या. व्यावसायिक ड्रॅग रेसिंगचा आरंभ साधारणपणे येथूनच मानला जातो.

७/
पुढल्याच वर्षी, म्हणजे १९५१ मध्ये, ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ची स्थापना केली. शर्यतीचे अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. गाड्या जागेवरून सुटणार आणि सरळ रेषेत धावणार. १९५४ मध्ये संस्थेचे एक लहानसे पथक देशभर फिरले आणि सुरक्षित शर्यत कशी भरवावी, याचे धडे त्याने गावोगावच्या मंडळांना दिले. १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. रस्त्यावरची झुंज अशा रीतीने नियमांच्या चौकटीत आली. परंतु चाके जमिनीला धरून कशी ठेवायची, हा प्रश्न तेथेच उभा राहिला.

८/
इंजिनांची ताकद दरवर्षी वाढत होती, टायर मात्र मागेच राहिले होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ड्रॅगस्टर गाड्यांची छायाचित्रे पाहिली तर त्यांच्या मागे पांढऱ्या धुराचे लोट दिसतात, कित्येकदा पाव मैलाच्या अंतापर्यंत. प्रेक्षकांना ते दृश्य भव्य वाटे. शर्यतीच्या दृष्टीने मात्र तो धूर म्हणजे वाया गेलेली शक्ती होती. चाक थोडे घसरले तर पकड वाढते. पूर्णपणे घसरू लागले की पृष्ठभाग अतितप्त होतो आणि पकड घटते. इंजिन जी ऊर्जा देत होते, तिचा मोठा वाटा गाडीला पुढे नेण्याऐवजी रबर जाळण्यात खर्च होत होता.

९/
यावर पहिला उपाय घरगुती होता. जुन्या टायरच्या सांगाड्यावर नक्षी नसलेल्या मऊ रबराचा थर चढवून तो वापरला जाई. अशा गुळगुळीत टायरला ‘स्लिक’ म्हणतात. नक्षीच्या खाचा पाणी बाहेर टाकण्यासाठी असतात. कोरड्या पट्टीवर त्यांचा उपयोग नसतो, उलट त्यामुळे रस्त्याला टेकणारे रबर कमी होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मॅसेच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील मार्विन आणि हॅरी रिफ्किन यांच्या ‘एम अँड एच’ कंपनीने खास ड्रॅग रेसिंगसाठी स्लिक बनवण्यास आरंभ केला. कंपनीचे नाव त्या दोघांच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले. लवकरच आघाडीचे चालक त्यांच्या टायरसाठी रांगा लावू लागले.

१०/
येथे पाठ्यपुस्तकातील एका समजुतीला तडा गेला. घर्षणगुणांक एकाहून अधिक होत नाही, असे सर्रास गृहीत धरले जाई. तसे असेल तर चाकांच्या जोरावर धावणाऱ्या गाडीचे त्वरण गुरुत्वत्वरणापेक्षा जास्त होऊ शकणार नाही. त्या हिशेबाने पाव मैल कापायला किमान नऊ सेकंद लागायला हवेत आणि अंती वेग ताशी दोनशे मैलांच्या आतच राहायला हवा. १९६४ मध्ये डॉन गार्लिट्स यांनी अधिकृत नोंदीनुसार ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्यांना आठ सेकंदही लागले नव्हते. चूक गणितात नव्हती. रबराविषयीचे गृहीतक चुकले होते.

११/
गियोम आमोंताँ यांनी १६९९ मध्ये मांडलेल्या नियमांनुसार घर्षण भारावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. लाकूड आणि धातू यांच्याबाबत हे बहुतांशी खरे आहे. रबर मात्र मऊ असल्यामुळे रस्त्याच्या सूक्ष्म खाचाखोचांत शिरते, त्यांना चिकटते आणि सरकताना वारंवार दबून उसळते. १९६३ मध्ये के. ए. ग्रोश यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, रबराचे घर्षण वेग आणि तापमान या दोहोंवर अवलंबून असते, आणि त्याचा एक उच्चांक असतो. थंड रबराची पकड कमी, अतितप्त रबराचीही कमी. दोहोंच्या मध्ये एक नेमका टप्पा असतो. शर्यतीतील मंडळी तो टप्पा प्रयोगशाळेविनाच शोधत होती.

१२/
१९६० च्या दशकात टायरची बाजू मुद्दाम पातळ आणि लवचिक करण्यात आली. हवेचा दाब कमी ठेवला की गाडी सुटताना टायरला सुरकुत्या पडतात, तो जमिनीवर पसरतो आणि स्पर्शाचे क्षेत्र वाढते. त्याच सुमारास क्लच थोडा घसरू देण्याची युक्ती सापडली. त्यामुळे इंजिनाचा सगळा धक्का एकदम चाकांवर येईनासा झाला. परिणाम असा की धावेतला धूर ओसरू लागला. ज्याच्या चाकांतून धूर निघे, तो आता मागे पडू लागला. मात्र धूर पट्टीवरून गेला नाही. त्याची वेळ तेवढी बदलली. आता तो शर्यतीच्या आधी निघू लागला.

१३/
सुटण्याच्या रेषेजवळ चालक काही ना काही ओतू लागले. कुणी राळेची पिवळसर पूड टाके. तिला ‘सोनेरी धूळ’ म्हणत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कपडे धुण्याचे ब्लीच लोकप्रिय झाले. ब्लीचच्या डबक्यात चाक सहज घसरते, फिरू लागते, मग कोरड्या भागावर येताच रबर झपाट्याने तापते. ब्लीचची वाफ डोळ्यांना आणि श्वसनाला घातक होती. पुढे त्याची जागा साध्या पाण्याने घेतली. आजही ड्रॅग पट्टीवर सुटण्याच्या रेषेमागे पाण्याने ओली केलेली जागा राखलेली असते. चालक तेथे चाके भिजवतो, फिरवतो आणि मगच दिव्यांच्या खांबाकडे सरकतो.

१४/
या क्रियेमागे चार ठोस हेतू असतात. एक, रबर योग्य तापमानाला आणणे. दोन, टायरच्या पृष्ठभागावरचा हवेने कडक झालेला थर, खडे आणि धूळ खरवडून काढणे. तीन, सुटण्याच्या जागी स्वतःच्या रबराचा थर अंथरणे, कारण रबराला रबराइतके घट्ट काही धरत नाही. चार, क्लच आणि इंजिन नीट चालतात की नाही, हे शेवटच्या क्षणी तपासणे. हे सारे काही सेकंदांत उरकायचे असते. अधिक वेळ घालवल्यास टायर त्या नेमक्या टप्प्याच्या पलीकडे जातो आणि सारी तयारी उलटते.

१५/
परंतु प्रेक्षकांना हेतूशी कर्तव्य नव्हते. त्यांना धूर हवा होता. फायबरग्लासचा कवचासारखा सांगाडा मिरवणाऱ्या ‘फनी कार’ गाड्यांनी ही मागणी पुरवली. बर्नआउट करत गाडी सुटण्याची रेषा ओलांडून पट्टीवर दूरवर जाई आणि मग मागे येई. १९७० च्या दशकाच्या आरंभी काही चालकांनी डबक्यात पेट्रोल ओतून ते पेटवण्याचा प्रकार सुरू केला. ज्वाळांतून गाडी बाहेर पडतानाची छायाचित्रे मासिकांत झळकली. धोका उघड होता आणि संघटनेने त्यावर बंदी घातली. तयारीचा विधी तमाशा होऊ लागला, त्याचा हा पहिला मोठा टप्पा.

१६/
तमाशा पट्टीवरून रस्त्यावर यायला वेळ लागला नाही. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून अमेरिकी कंपन्यांनी मध्यम आकाराच्या गाड्यांत अवाढव्य इंजिने बसवून त्या तरुणांना विकल्या. पुढच्या चाकांचे ब्रेक दाबून धरायचे आणि मागची मोकळी सोडायची, यासाठी ‘लाइन लॉक’ नावाची विजेवर चालणारी झडप बाजारात आली. तिच्यामुळे मागचे ब्रेक न जाळता जागेवर चाके फिरवता येऊ लागली. पुढे २०१५ च्या फोर्ड मस्टँग जीटीमध्ये तर कंपनीनेच ही सोय इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिली. ती केवळ शर्यतीच्या पट्टीवर वापरावी, अशी सूचना मात्र सोबत होती.

१७/
आता झिजेचा हिशेब. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कायद्यानुसार ती १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद होतो. म्हणजे वापरायला मिळतात ६.४ मिलिमीटर. एवढ्यात टायर ४०,००० किलोमीटर चालला असे धरले, तर एका मिलिमीटरची किंमत ६,२५० किलोमीटर होते. मुंबई ते नागपूर हा प्रवास साधारण साडेसात-आठ वेळा करता येईल, एवढे हे अंतर. एखाद्या बर्नआउटने एक मिलिमीटर रबर खाल्ले, तर तेवढा प्रवास काही क्षणांत धुरात जातो, आणि तोही एकाच जागी उभे राहून.

१८/
झीज सर्वत्र सारखी होत नाही, ही खरी मेख आहे. घासणाऱ्या रबरावर सरकण्याच्या दिशेला आडव्या अशा बारीक लाटांसारख्या रेघा उमटतात. अॅडॉल्फ शालामाख यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांचा सखोल अभ्यास केला, म्हणून त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. या रेघांची टोके वाकतात, फाटतात आणि तुकड्यांनी निघून जातात. त्यातच उष्णता वाढली की गुडइयर यांनी बांधलेले गंधकाचे बंध तुटू लागतात. रबर पुन्हा मऊ, चिकट होते. त्यातील तेले वाफ होऊन उडतात आणि हवेत थंड होऊन सूक्ष्म थेंब बनतात. पांढरा धूर तो हाच. टायरच्या आतील पोलादी पट्ट्यांची आणि रबराची जोडही ढिली पडते. वरून ठीक दिसणारा असा टायर पुढे महामार्गावर फुटू शकतो.

१९/
टायर हा केवळ दिसणारा बळी. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक पकड गमावते आणि एकटेच फिरते. दुसरे स्थिर असल्यामुळे फिरणाऱ्या चाकाचा वेग नेहमीच्या दुप्पट होतो आणि आतील लहान दात्यांवर असह्य ताण येतो. क्लच जळतो, गिअरबॉक्समधील तेल तापते, सांधे सैल होतात. गाडी उभी असल्याने रेडिएटरला समोरून वाराही मिळत नाही. सर्वांत वाईट क्षण असतो तो घसरणारे चाक अचानक पकड घेते तेव्हाचा. फिरत्या चाकातील सारी ऊर्जा त्या निमिषात दांड्यावर आदळते आणि एखादा भाग तुटतो.

२०/
पकड वाढली की ताण नाहीसा होत नाही, तो पुढच्या दुव्यावर सरकतो. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीच येथील लायन्स पट्टीवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटताक्षणीच फुटला आणि त्यांच्या उजव्या पायाचा काही भाग गेला. इस्पितळातून परतल्यावर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे ठेवणारी गाडी विकसित केली आणि १९७१ मध्ये तिने पोमोनाची स्पर्धा जिंकली. काही वर्षांतच साऱ्या ड्रॅगस्टर गाड्यांची रचना तशी झाली. २००८ मध्ये स्कॉट कलिटा या चालकाच्या मृत्यूनंतर सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर आणले गेले. या वर्गांतील मागचे टायर जेमतेम चार-सहा धावा टिकतात.

२१/
इतर देशांत या धुराला वेगळेच अर्थ लाभले. वर्णभेदाच्या काळात, १९८० च्या दशकात, दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे टोळीतील कुणी मेल्यास त्याच्या अंत्यविधीला साथीदार गाड्या गोल-गोल फिरवून टायर जाळीत. बीएमडब्ल्यूची त्या काळातील ३-सीरीज गाडी यासाठी पसंत केली जाई. तिला तेथे ‘गुशेशे’ म्हणतात. पुढे गुन्हेगारीची छाया मागे पडली आणि ‘स्पिनिंग’ हा वस्त्यांमधील कौशल्याचा खेळ झाला. चालक फिरत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर लटकून कसरती करू लागले. २०१४ मध्ये तेथील मोटारक्रीडा संघटनेने त्याला अधिकृत मान्यता दिली.

२२/
ऑस्ट्रेलियात तर बर्नआउट हीच स्वतंत्र स्पर्धा झाली. १९८७-८८ च्या उन्हाळ्यात चिक हेन्री यांनी कॅनबेरा येथे ‘समरनॅट्स’ हा मोटार-उत्सव सुरू केला. तेथे परीक्षक धुराचे प्रमाण, गाडीवरील ताबा आणि सातत्य यांना गुण देतात. दोन्ही टायर फुटेपर्यंत गाडी फिरवणे हा तेथे पराक्रम समजला जातो. एकाच वेळी शंभराहून अधिक गाड्यांनी बर्नआउट करण्याचा विक्रमही याच उत्सवात झाला. कॅलिफोर्नियात जी क्रिया शर्यतीची तयारी होती, ती येथे शर्यतीविनाच पूर्ण झाली. गाडीने कुठेही पोहोचायचे नव्हते.

२३/
त्याच ऑस्ट्रेलियाने रस्त्यावरच्या बर्नआउटविरुद्ध कडक कायदेही केले. असे प्रकार करणाऱ्याला तेथे ‘हून’ म्हणतात. २००२ मध्ये क्वीन्सलँडने आणि २००६ मध्ये व्हिक्टोरियाने पोलिसांना गाडी जप्त करण्याचे अधिकार दिले. कारण सरळ आहे. घसरणाऱ्या चाकांची गाडी चालकाच्या पूर्ण ताब्यात नसते आणि रस्त्यावर जमणारी गर्दी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी असते. पट्टीवर भिंत असते, अग्निशामक असतात, रुग्णवाहिका असते. चौकात यांपैकी काहीच नसते. सांता अॅनाच्या धावपट्टीने १९५० मध्ये जो प्रश्न सोडवला, तो प्रत्येक शहराला आपल्यापुरता पुन्हा सोडवावा लागतो.

२४/
झिजलेले रबर जाते कुठे, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की शहरी ओढ्यांतील कोहो सॅमन मासे अंडी घालण्यापूर्वीच मरत. वर्षानुवर्षे कारण सापडत नव्हते. २०२० च्या डिसेंबरमध्ये संशोधकांनी उलगडा केला. ओझोनमुळे टायरला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात ‘६ पीपीडी’ हे रसायन मिसळतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचे एक विषारी रूप तयार होते आणि रस्त्यावरच्या टायरकणांतून ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाते. लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहून कमी मात्राही या माशांना मारक ठरते. ही झीज रोजच्या साध्या वाहतुकीची आहे. बर्नआउट तीच क्रिया काही क्षणांत कैकपटींनी घडवून आणतो.

२५/
महाराष्ट्रातही या इतिहासाचा एक धागा आहे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या आहेत, म्हणजे सांता अॅनाचीच कल्पना सह्याद्रीच्या माथ्यावर. दुसरीकडे, मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. दोन्ही गोष्टी एकाच विचारातून येतात: वेगाला बंदी नाही, पण त्याची जागा ठरलेली असावी.

२६/
धुराचा अर्थ या शंभरएक वर्षांत सतत बदलत गेला. १९४२ मध्ये रबर जाळणे हा अपराध ठरला असता. १९५८ च्या सुमारास धूर म्हणजे हरवलेली पकड होती. १९७० मध्ये तो विजयाची पूर्वतयारी झाला, सोवेटोत श्रद्धांजली झाला आणि कॅनबेरात स्वतःच विजय ठरला. रबर मात्र प्रत्येक ठिकाणी सारख्याच नियमाने झिजले. ज्यांनी हे तंत्र घडवले, ते क्षणाक्षणाचा आणि कणाकणाचा हिशेब ठेवीत होते. कारण पाण्याच्या डबक्यात चाक किती वेळ फिरवावे, याच्या उत्तरावर पुढच्या पाव मैलाचा निकाल आणि कधी कधी चालकाचा जीवही अवलंबून असे.

#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास #मोटारक्रीडा